आकड्याचा पत्ता

एमडीचे थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की आमच्या खोलीबाहेर रेसिडेंट डॉक्टरांची रांग लागायची. रात्रपाळी उरकून थेट आलेली, डोळे तारवटलेली मुलं. हातात पेन ड्राइव्ह आणि तोंडी एकच वाक्य, "मॅडम, तुम्ही दिलेली फाइल सरांच्या कम्प्युटरवर उघडतच नाही."

उघडणार कशी? २००८ साली मी एका वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा आख्ख्या विभागात एसपीएसएस हा विश्लेषणाचा प्रोग्रॅम एकाच संगणकावर होता. या प्रोग्रॅममध्ये माहिती एका खिडकीत असते आणि विश्लेषणाची उत्तरं दुसऱ्या खिडकीत. उत्तरांची खिडकी साठवली की जी फाइल बनते, ती वर्डमध्ये उघडत नाही; तिला एसपीएसएस नाहीतर त्याच घरचं वाचनापुरतं सॉफ्टवेअर लागतं. त्यात २००७ च्या सोळाव्या आवृत्तीने या फाइलचा साचाच बदलला होता. आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची उत्तरं पंधराव्या आवृत्तीत साठवलेली, ती नव्या आवृत्तीत उघडेनात. वर्ष-दीड वर्षाचं काम त्या फाइलींत होतं, पण ते डोळ्यांना दिसत नव्हतं.

त्या वेळी मी या तक्रारीकडे फार लक्ष दिलं नाही. गणित बरोबर आलं की माझं काम संपलं, अशी माझी पक्की समजूत होती. चाचणी कोणती लावायची, नमुना किती घ्यायचा, हे माझं शास्त्र. तक्ता कागदावर कसा उतरतो ते टायपिस्टचं काम. ही समजूत पूर्ण मोडायला पुढे सहा वर्षं लागली आणि ती मोडली नंदुरबार जिल्ह्यातल्या एका मुख्यसेविकेने. तिच्याविषयी पुढे सांगतेच.

तरी एक्सपोर्टच्या चौकटीकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्या रांगेमुळे. वर्ड, पीडीएफ, एक्सेल, एचटीएमएल, पॉवरपॉइंट, नुसता मजकूर, हव्या त्या रूपात उत्तरं बाहेर काढता येत होती. त्याआधी एक प्रश्न विचारला जातो : सगळं पाठवायचं, फक्त डोळ्यांना दिसतंय तेवढं, की निवडलेलं? हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. प्रत्येक विश्लेषणाबरोबर एसपीएसएस एक टिपणही तयार करतं आणि ते दडवून ठेवतं. कोणती फाइल वापरली, कोणत्या फोल्डरमधून, किती नोंदी होत्या, कोणता हुकूम दिला, हे सगळं त्या टिपणात असतं. "सगळं" निवडलं तर तीही पानं छापली जातात आणि थिसिस अकारण जाड होतो. मी मुलांना "दिसतंय तेवढंच" निवडायला सांगायचे. आज वाटतं, त्या टिपणांतला मजकूर मी काढून टाकायला नको होता, फक्त त्याला नीट जागा द्यायला हवी होती. आकडा कुठून आला ते तिथेच तर लिहिलेलं होतं.

रुंद तक्त्यांनी फार छळलं. पडद्यावर आडवा ऐसपैस पसरलेला तक्ता ए-फोरच्या उभ्या कागदावर आला की उजवीकडचे रकाने समासाबाहेर जायचे. एक्सपोर्टच्या चौकटीत त्यालाही पर्याय आहेत. तक्ता दुमडून खाली आणायचा, आकसून बसवायचा, की समास ओलांडू द्यायचा. आकसून बसवला की अक्षर मुंगीएवढं होतं आणि दुमडला की वाचणाऱ्याला वरचा मथळा आणि खालचा आकडा यांची सांगड घालत बसावं लागतं. त्यावर खरा उपाय एकच, तक्ता मुळातच अरुंद करायचा. पण ते सांगायला गेलं की रेसिडेंट म्हणायचा, "मॅडम, सरांनी सगळे रकाने ठेवायला सांगितलंय."

खरं नुकसान व्हायचं ते तळटिपांचं. काई-स्क्वेअर चाचणीच्या तक्त्याखाली एसपीएसएस बारीक अक्षरात एक ओळ छापतं. किती चौकटींमध्ये अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी आहे आणि सगळ्यांत कमी अपेक्षित संख्या किती आहे, हे ती ओळ सांगते. ही चाचणी अंदाजावर चालते आणि नोंदी पुरेशा असतील तरच तो अंदाज भरवशाचा असतो. वीस टक्क्यांहून जास्त चौकटी पाचच्या खाली असतील तर काई-स्क्वेअरवर विसंबायचं नाही, अशी आमची रीत. अशा वेळी फिशरची चाचणी पाहायची. दोन ओळी आणि दोन रकान्यांच्या तक्त्यात तर ती त्याच उत्तरात शेजारी छापलेली असते. म्हणजे आपला निष्कर्ष किती पाण्यात आहे ते प्रोग्रॅम स्वतःच सांगत असतो. पण वर्डमध्ये तक्ता पुन्हा टाइप करताना मुलं ही ओळ गाळायची. ती "आउटपुटमधली कचरा ओळ" वाटायची. एका मुलीला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं. अठ्ठावीस रुग्णांवर केलेली काई-स्क्वेअर ग्राह्य कशी? तिच्याकडे उत्तर होतं, मूळ फाइलीत फिशरची पी-व्हॅल्यू होती, पण कागदावर ती आलीच नव्हती. ती पास झाली, पण बाहेर येऊन जिन्यात रडली. मला आजही तो जिना आठवतो, कारण तिची फाइल मीच तपासली होती आणि कागद मात्र पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट तीन शून्यांची. पी-व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता, फार लहान असली की एसपीएसएस तेव्हा तीन दशांशांपर्यंत .००० असं छापायचं. मुलं तेच उतरवायची : पी बरोबर शून्य. शून्य म्हणजे अशक्य, आणि निव्वळ योगायोगाने असा फरक दिसणं अशक्य आहे असं कोणतीच चाचणी म्हणत नाही. त्या तीन शून्यांच्या पुढे कुठेतरी आकडा असतो, दाखवायच्या दशांशांच्या मर्यादेने तो कापलेला असतो. "०.००१ पेक्षा कमी" असं लिहा, हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी एक चिठ्ठी छापून संगणकावर चिकटवली. पुढच्या आवृत्त्यांनी ते स्वतःच तसं दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

२०१३ मध्ये मी महाविद्यालय सोडून सार्वजनिक आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत गेले. इथे काम वेगळं होतं. पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं-उंची मोजायची, कुपोषणाचं प्रमाण काढायचं आणि अहवाल लिहायचा. तो अहवाल मंत्रालयापासून अंगणवाडीपर्यंत जायचा. सॉफ्टवेअर स्टाटा. विश्लेषण झालं की पडद्यावरचा तक्ता निवडायचा, कॉपी करायचा, एक्सेलमध्ये टाकायचा, रेघा मारायच्या, मग वर्डमध्ये चिकटवायचा. चाळीसएक तक्ते असले की दोन दिवस जायचे. आम्ही ते संध्याकाळी बसून करायचो, दोघी-तिघी मिळून, एक वाचतेय आणि एक तपासतेय.

मुलाची उंची त्याच्या वयाच्या मानाने किती कमी आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांवरून काढतात. मध्यापासून ते मूल किती पायऱ्या खाली आहे ते झेड-स्कोअर सांगतो. उणे दोनच्या खाली गेलं तर मूल खुजं, उणे तीनच्या खाली गेलं तर तीव्र खुजं. आणि उणे सहाच्या खाली किंवा अधिक सहाच्या वर गेलं, तर बहुधा मोजण्यात, वयात किंवा लिहिण्यात चूक आहे असं धरून ती नोंद बाजूला काढतात. आमचे तक्ते चिकटवून झाले होते तेव्हा लक्षात आलं की अशा नोंदी बाजूला काढायच्या राहिल्यात. विश्लेषण पुन्हा चालवलं, नवे तक्ते पुन्हा चिकटवले. अहवाल स्पायरल होऊन आला.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीच्या सभागृहात मांडणी होती. अधिकारी बोलले, मी आलेख दाखवले. प्रश्न कुणाला आहेत का असं विचारल्यावर मागच्या रांगेतून एक मुख्यसेविका उठल्या, एका बीटमधल्या अंगणवाड्यांची देखरेख करणाऱ्या. पन्नाशीच्या आसपासच्या, मांडीवर रजिस्टर, हातात पेन्सिल. म्हणाल्या, "मॅडम, तीन नंबरच्या तक्त्यात आमच्या बीटची मुलं दोनशे चौदा आहेत. सात नंबरच्यात दोनशे सहा. आठ मुलं कुठं गेली?"

मला उत्तर देता आलं नाही. पाहून सांगते म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मोजलीयत आम्हीच, उन्हात फिरून. म्हणून विचारलं."

त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत मी चाळीसच्या चाळीस तक्ते एकेक करून तपासले. सात नंबरचा नवा होता. तीन, चार आणि अकरा नंबरचे जुनेच राहिले होते. कुणाचीही बेफिकिरी नव्हती. चिकटवलेल्या तक्त्याच्या अंगावर तो कधीचा, कुठल्या फाइलीतून आला याची काहीच खूण नसते. दोन तक्ते शेजारी ठेवले तर कोणता कालचा आणि कोणता महिन्यापूर्वीचा, हे बनवणारीलाही ओळखता येत नाही. आकडा एकदा कागदावर उतरला की त्याचं गाव सुटतं.

सकाळी मी त्या ताईंना शोधत त्यांच्या कार्यालयात गेले आणि खरं ते सांगितलं. आठ मुलांच्या उंचीच्या नोंदी अशक्य वाटल्या म्हणून आम्ही काढल्या आणि तीन तक्त्यांत ते करायचं राहून गेलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "कोणती आठ? नावं द्या." नावं आमच्याकडे नव्हती, क्रमांक होते. क्रमांकावरून अंगणवाडी, अंगणवाडीवरून रजिस्टर. तासाभरात आठपैकी पाच मुलांचा उलगडा झाला. तिघांच्या जन्मतारखेत साल चुकलं होतं. दोन वर्षांचं, आधीच उंचीला कमी असलेलं मूल आमच्या नोंदीत चार वर्षांचं झालं होतं. दोघांच्या उंचीत आकड्यांची अदलाबदल झाली होती. चूक लिहिण्याची होती, मुलं खरी होती. ती पाचही मुलं पुन्हा तक्त्यात आली, आणि त्यांतली दोन दुरुस्त वयानेही तीव्र खुजी निघाली. आम्ही "चुकीच्या नोंदी" म्हणून ज्यांना पुसलं होतं त्यांत ती होती. ताईंनी मोजून पाहिलं नसतं तर ती पुसलेलीच राहिली असती.

आमच्या क्षेत्रात त्याच सुमारास एका मोठ्या चुकीची चर्चा होती. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली एक निबंध लिहिला होता. देशावरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर घसरतो, असा त्याचा सूर होता. युरोप-अमेरिकेत काटकसरीच्या धोरणाचा पुरस्कार करणारे या निबंधाचा आधार घेत राहिले. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने तोच हिशोब पुन्हा करून पाहिला. तो जुळेना, म्हणून त्याने लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी धरल्याच गेल्या नव्हत्या : ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. काही वर्षांच्या नोंदी वगळणं आणि देशांना भार देण्याची पद्धत यांवरही त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतला. नव्वद टक्क्यांवरच्या कर्जाच्या देशांचा सरासरी वाढीचा दर निबंधात उणे ०.१ टक्का होता, तो त्यांच्या हिशोबाने २.२ टक्के निघाला. मला त्यात सगळ्यांत जास्त लागली ती मधली तीन वर्षं. छापील आकडा जगभर फिरला आणि त्याच्यामागची फाइल मागायला तीन वर्षांनी एक विद्यार्थी यावा लागला. त्या बीटच्या आठ मुलांचा विचार आला की मला तो विद्यार्थी आठवायचा, आणि त्याच्या शेजारी पेन्सिल हातात धरलेल्या ताई.

तेव्हा मी चिकटवणं सोडायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. आधी स्टाटामध्ये बेन यान यांची एस्टटॅब नावाची आज्ञा वापरून तक्ते थेट वर्डला वाचता येईल अशा फाइलीत काढू लागले. २०१७ साली स्टाटाच्या पंधराव्या आवृत्तीत पुटडॉक्स आलं आणि आख्खा वर्ड दस्तऐवजच आज्ञांमधून उभा करता येऊ लागला. परिच्छेद, तक्ता, आलेख, पान बदल, सगळं एका फाइलीत लिहायचं आणि चालवायचं. पुढे परवान्यांचा खर्च परवडेना म्हणून आम्ही आरकडे वळलो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली ही भाषा फुकट मिळते. तिथे मला आर मार्कडाउन भेटलं : मजकूर आणि आज्ञा एकाच फाइलीत लिहायच्या.

कल्पना जुनी आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये म्हटलं होतं की प्रोग्रॅम माणसाने वाचावा म्हणून लिहायचा, स्पष्टीकरण आणि आज्ञा एकाच कागदात गुंफायच्या. २००२ मध्ये फ्रीड्रिश लाइश यांनी स्वीव्ह आणलं आणि आकडेमोड करणाऱ्यांपर्यंत ही कल्पना पोचली. मग यीह्वे शिए यांचं निटर. मजकूर आणि आज्ञा एकत्र विणल्या जातात म्हणून ते नाव. विणून झालेला मजकूर वर्ड, पीडीएफ किंवा एचटीएमएलमध्ये बदलून देणारं पॅनडॉक मात्र एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचं आहे. बर्कलीच्या जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि जगातले असंख्य अहवाल आज त्यांच्या त्या कामावर चालतात. मला या माणसांविषयी फार कृतज्ञता वाटते. यांतलं काहीही आम्ही विकत घेतलेलं नाही.

पहिल्यांदा मी एक वाक्य लिहिलं : "या सर्वेक्षणात इतक्या मुलांची उंची मोजली." "इतक्या"च्या जागी आकडा टाइप केला नाही, तर मुलांच्या नोंदी मोजायची छोटीशी आज्ञा लिहिली. बटण दाबलं. वर्डची फाइल उघडली आणि वाक्यात आकडा बसलेला होता. मूळ माहितीतून एक नोंद काढली, पुन्हा बटण दाबलं. वाक्यातला आकडा एकाने कमी झाला, त्याखालच्या तक्त्यातला झाला, पान सोळावरच्या तक्त्यातलाही झाला. मी ते तीन-चारदा करून पाहिलं. रात्रीचे अकरा वाजले होते. तीन नंबर आणि सात नंबर आता परत कधी वेगळं बोलणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

पण दस्तऐवज एकट्याचा नसतो. आमचे वरिष्ठ सर अहवाल वर्डमध्येच वाचायचे, लाल अक्षरात दुरुस्त्या करायचे, शेजारी शेरे लिहायचे. त्यांची मराठी माझ्यापेक्षा चांगली आणि त्यांच्या दुरुस्त्या मोलाच्या. मी आज्ञा पुन्हा चालवली की नवी वर्ड फाइल तयार व्हायची आणि त्यांचे शेरे जुन्या फाइलीत राहायचे. दोनदा त्यांचं दिवसभराचं काम असं वाया गेलं. ते एवढंच म्हणाले, "बाई, यंत्राला समजावून सांगा, आम्हीही इथे काम करतोय." त्यानंतर आम्ही वाटणी केली. विवेचनाची प्रकरणं वर्डमध्ये, माणसांच्या हातात. तक्ते, आलेख आणि आकडे असलेले परिच्छेद फक्त आज्ञांमधून, त्यांना वर्डमध्ये कुणी हात लावायचा नाही. शब्द बदलायचा असेल तर शेरा लिहायचा, तो मी मूळ फाइलीत उतरवणार. वेळखाऊ आहे, पण याहून चांगली सोय मला अजून सापडलेली नाही. एका बटणात सगळं होतं असं सांगणाऱ्यांनी बहुधा दुसऱ्या माणसाबरोबर अहवाल लिहिलेला नसतो.

मग मराठीचा प्रश्न. अंगणवाड्यांना द्यायचा सारांश मराठीत हवा, हा आग्रह माझाच. आर मार्कडाउनमधून पीडीएफ काढायला गेले तर पानं जुळवणाऱ्या नेहमीच्या लाटेकने देवनागरी पाहून हात टेकले. झीलाटेक वापरून आणि देवनागरी फाँट नेमून दिल्यावर मजकूर उमटला. आलेखांनी अधिक त्रास दिला. आलेख काढणाऱ्या यंत्रणेला अक्षरं एकापुढे एक मांडता येत होती, जुळवता येत नव्हती. "किलो"मधली वेलांटी क सोडून त्याच्या पुढे जाऊन बसायची. "स्त्रिया" या शब्दाचे पाय मोडून तीन तुकडे व्हायचे. पुढे रॅग नावाचं पॅकेज मिळालं, त्याला अक्षरजुळणी कळते, आणि "स्त्रिया" पुन्हा एका शब्दात आल्या. हा किरकोळ मुद्दा नाही. ज्या सेविकेच्या हाती हा कागद जाणार, ती मोडका शब्द पाहून समजते की हा कागद घाईत बनवलाय, तिच्यासाठी बनवलेला नाही. आणि तिचं बरोबर असतं.

स्वल्पविरामाचंही तसंच. आरला मोठ्या आकड्यात स्वल्पविराम घालायला सांगितलं की ते दर तीन अंकांनी घालतं : १,२३४,५६७. आपल्याकडे हे वाचताना माणूस अडखळतो. बारा लाख चौतीस हजार वाचायची सवय असलेल्या डोळ्यांना १२,३४,५६७ हवं. त्यासाठी मी चार ओळींची आज्ञा लिहिली आणि ती गेली काही वर्षं प्रत्येक अहवालात वापरते. टक्केवारीचं त्याहून अवघड. एका पाड्यावर मोजलेली मुलंच अकरा, त्यांतलं एक अतितीव्र कुपोषित. तक्ता सांगतो ९.१ टक्के. शेजारच्या गावात एकशे दहांपैकी दहा, तिथेही ९.१. दोन्ही आकडे बरोबर, पण वाचणारीसाठी ते एकसारखे नाहीत. म्हणून लहान गावांच्या तक्त्यात आता "११ पैकी १" असंच छापलं जातं, टक्का कंसात.

आणि तिथेच एक भीतीही दडलेली असते. "११ पैकी १" म्हणजे कोण, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. कुपोषणाच्या बाबतीत ते मूल शोधायचंच असतं, म्हणून सेविकेच्या कागदावर तो आकडा हवा. पण क्षयरोगाचा किंवा एचआयव्हीचा तक्ता असेल तर एवढा लहान आकडा गावाच्या नावासह बाहेर जाता कामा नये. एकदा एका सहकारी मुलीने एक्सेलमधला आलेख वर्डमध्ये चिकटवला आणि फाइल मेलवर जोडून मला दाखवली. दिसायला सुंदर. मी सवयीने आलेखावर दोनदा क्लिक केलं आणि त्याच्या पोटातली एक्सेलची वही उघडली. आलेखासाठी लागणाऱ्या दहा ओळींबरोबर आख्खी वही आत गेली होती. दुसऱ्या पानावर रुग्णांची नावं, गावं, तपासणीचे निकाल. मेल अजून गेला नव्हता. आम्ही दोघी काही वेळ काहीच बोललो नाही. तिची चूक म्हणता येणार नाही. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. त्या दिवसापासून आलेख फक्त चित्र म्हणून जातात आणि बाहेर जाणारी प्रत्येक फाइल दुसऱ्या कुणाच्यातरी यंत्रावर उघडून, क्लिक करून, खरवडून पाहिली जाते.

आता आमच्या प्रत्येक तक्त्याखाली एक बारीक ओळ आपोआप छापली जाते. माहितीच्या फाइलीचं नाव आणि तारीख, तक्ता बनल्याची वेळ, एकूण नोंदी, वगळलेल्या नोंदी आणि वगळण्याचं कारण. एसपीएसएसची जी दडलेली टिपणं मी एके काळी वगळत होते, त्यांचंच हे थोडक्यात रूप आहे. छपाईच्या वेळी कुणी ना कुणी विचारतंच, ही ओळ काढायची का, पान स्वच्छ दिसेल. मी ती काढू देत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी त्याच तालुक्यात पुन्हा फेरी झाली. ताई आता निवृत्तीला आल्यात. त्यांच्या बीटचा सारांश मी स्वतः घेऊन गेले, दोन पानी, मराठीत. त्यांनी आधी तळटीप वाचली. मग पेन्सिलने तक्ता तीनची बेरीज केली, सात नंबरची केली, दोन्हींपुढे बरोबरची खूण केली. वगळलेली मुलं दोन होती. त्यांचे क्रमांक पाहून त्या म्हणाल्या की एक स्थलांतरात गेलंय, ऊसतोडीहून आलं की पुन्हा मोजायला लावते.

मग कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगलंय. फक्त उजवीकडे एक रकाना कोरा सोडा ना. पुढच्या महिन्याचं वजन आम्हाला त्याच्याच शेजारी लिहिता येईल."

परतीच्या एसटीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मी तक्त्याच्या आज्ञेत एक ओळ वाढवली. रुंदी दोन सेंटिमीटर, वर मथळा "पुढील वजन", खाली सगळ्या चौकटी कोऱ्या.